दाराशी काढलेल्या चपला

नोकरीची सगळी वर्षं मी माणसांना एका दारापर्यंत नेऊन सोडलं आणि त्या दारातून स्वतः कधी आत गेले नाही. निवृत्तीच्या समारंभात मी हे बोलून दाखवलं तेव्हा माझ्या नणंदेला वाटलं, ही आता रडणार. मी कशाला रडू? ते दार किती जणांना उपयोगी पडलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचा मला अभिमानच वाटतो.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात दारू सोडवण्याचा वॉर्ड होता. तिथे मी समाजसेविका होते. मी मूळची शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वॉर्डात अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे यायचे, शहरातले दखनी उर्दू बोलणारे यायचे, खेड्यातले तर यायचेच. मला सगळे ‘अक्का’ म्हणत, कारण थोरल्या बहिणीला तेलुगूत, कानडीत आणि मराठीत हाच शब्द चालतो. या कामात त्याचा फार उपयोग झाला. मॅडमशी माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो, अक्काशी खोटं बोलताना निदान खाली तरी बघतो.

बाहेरच्यांना वाटतं, दारू सोडवणं हे डॉक्टरांचं काम. अर्धं आहेच. अंगातली दारू उतरवायला, हातांची थरथर थांबवायला औषधं आहेत. माणूस वॉर्डात काही आठवडे राहतो, जेवायला लागतो, अंगावर मांस चढतं, बायको खूश होते. मग तो घरी जातो आणि पहिलीच संध्याकाळ येते. दिवस कसाही निघतो हो, संध्याकाळ निघत नाही. पायांना एकच वाट ठाऊक असते. त्या वेळेला त्याला दुसरीकडे कुठेतरी बसवावं लागतं, आणि तेही अशा माणसांत की ज्यांच्यापुढे त्याला काही लपवावं लागणार नाही.

अशी माणसं एका प्राथमिक शाळेच्या वर्गात जमत. पोरं घरी गेली की संध्याकाळी दारू सोडलेले आणि सोडू बघणारे तिथल्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. याला ते मीटिंग म्हणत. तिथे भाषण नाही, हारतुरे नाहीत, डॉक्टर नाही. एकेक जण उठतो, फक्त नाव सांगतो, आडनाव आणि गाव सांगत नाही, ‘मी दारुडा आहे’ म्हणतो आणि आपल्यावर काय गुदरलं ते बोलतो. बाकीचे ऐकतात. तिथे जे ऐकलं आणि जो दिसला, ते तिथेच ठेवून यायचं, हा पहिला नियम. घरच्यांसाठीच्या बैठका दुसरीकडे होत. ही मात्र फक्त त्यांचीच होती. मी आयुष्यात थेंब घेतला नाही, म्हणून मला आत जागा नव्हती.

माझे वडील मागावर बसायचे. संध्याकाळी माग थांबला की त्यांचे पाय घराकडे वळायचे नाहीत. त्या काळी असं दार गावात असेलही, पण आम्हाला ते दाखवणारं कुणी भेटलं नाही, आणि ते तसेच गेले. त्याचं दुःख मला आहे, ते राहणार.

तर, दार दाखवणं हे माझं काम. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण त्या दारावर पाटी नसते. पाटी लावली तर येणार कोण? शाळेसमोर रेवणमामांची चहाची टपरी होती. मीटिंगला काय चालतं हे मामांना ठाऊक नव्हतं, पण एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली होती. दारू सुटली की माणसाला गोडाची ओढ लागते. त्यामुळे शाळेतल्या त्या वर्गात जाणारा प्रत्येक जण चहात साखर जास्त मागायचा. मामा त्यांना ‘गोड चहावाले’ म्हणत. मी नव्या माणसाला सांगायची, ‘वर्ग सापडला नाही तर टपरीवर विचारा, गोड चहावाले कुठे बसतात.’ मला स्वतःला मधुमेह. माझा चहा बिनसाखरेचा. मामा मला म्हणायचे, ‘‘अक्का, तुमी त्यांच्यातल्या न्हाई हे चहावरनंच कळतंय की.’’

सुरुवातीला मी माणसांना नुसता पत्ता सांगून पाठवत असे. ते महिबूबभाईंमुळे बंद झालं. महिबूबभाई रिक्षावाले. सगळं सोलापूर त्यांच्या चाकाखालचं, त्यांना पत्ता काय सांगायचा! गडी नवा सदरा घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन कपाळाला हात लावून बसला.

‘‘अक्का, मैं खडा रैके सब बोल्या. नाम बोल्या, दारू का बोल्या, बायको मायके गई वो भी बोल्या. सब लोगां चुप. मेरे को लगा, मस्त जमी मीटिंग. बाद में देख्या तो फळे पे लिख्या था, पालक सभा.’’

शाळेने त्याच संध्याकाळी शेजारच्या वर्गात पालकांना बोलावलं होतं. मुलांच्या गणिताची चौकशी करायला आलेल्या आयाबापांपुढे महिबूबभाईंनी आपलं अख्खं आयुष्य मांडलं होतं. बाई बिचाऱ्या खडू हातात धरून उभ्या. मला हसू आवरेना, आणि मग तेही हसायला लागले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते खाली मान घालून बाहेर पडले तेव्हा एक पालक त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, ‘‘तुम्हाला ज्या वर्गात जायचं होतं तो कुठला हो?’’ दोघं मिळून त्या वर्गात गेले. महिबूबभाई पुढे तिथले जुने जाणते झाले.

तेव्हापासून मी ठरवलं की पहिल्या मीटिंगला माणसाला आपण स्वतः दारापर्यंत न्यायचं. तो आत गेला की मी टपरीवर बसून राहायची. बाहेर आल्यावर त्याला कुणीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे. ‘काय झालं आत?’ असं मात्र विचारायचं नाही.

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. आत आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, सगळं गुपित. आणि दाराबाहेर? शाळेचा वर्ग म्हणजे विद्येचं ठिकाण. आपल्याकडे तिथे चप्पल घालून कोण जाईल? सगळे चपला दाराशी काढून, नीट ओळीत लावून आत जात.

आता जी हकीकत सांगणार आहे, ती मी संबंधित दोघांना आधी वाचून दाखवली आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावं इकडची तिकडे केली आहेत, चपलेची खूणही बदलली आहे. तेव्हा वाचकांनी लोकांच्या पायांकडे बघत फिरू नये.

मल्लिनाथअण्णा वळसंगचे. किराणा दुकान, थोडी शेती. माणूस गोड, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि बायकोशी कानडीत बोलणारा. पण दुपार टळली की दुकानाचा गल्ला बायकोने सांभाळायचा आणि अण्णांना रात्री कुणीतरी उचलून आणायचं, असं किती वर्षं चाललेलं. त्यांची मुलगी श्रुती औषधनिर्माण शिकलेली, एका औषधाच्या दुकानात नोकरीला. तिची सोयरीक मैंदर्गीला ठरली, साखरपुडा झाला, आणि साखरपुड्यानंतर पोरगी आईला म्हणाली, ‘‘अक्षता पडताना अण्णा शुद्धीत असले तर माझ्या बाजूला उभे राहतील. नसले तर मामा उभे राहतील. अण्णांना धरून उभं करायचं नाही.’’

ती ओरडून बोलली असती तर अण्णांनी मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली म्हणून ते वॉर्डात भरती झाले. उपचार चांगले झाले. लग्न अजून दूर होतं. अण्णा मला म्हणाले, ‘‘अक्का, औषध संपलं की माजं काय? मांडवात मला उभं ऱ्हायचंय.’’ मी म्हटलं, ‘‘मी नेते तिथे चला.’’

ठरल्या संध्याकाळी ते एस.टी.ने आले. टोपी इस्त्रीची, हातात रुमाल. आम्ही शाळेच्या पायऱ्या चढलो, व्हरांड्यात आलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता. अण्णांनी एक चप्पल काढली आणि दुसरी काढता काढता थबकले. चपलांच्या ओळीकडे बघून त्यांचा चेहराच उतरला.

‘‘अक्का, ही चप्पल...’’

‘‘कुणाची?’’

‘‘काशिनाथअप्पांची. आमच्या व्याह्यांची. डावी बघा की, तळ केवढा जाड हाय!’’

काशिनाथअप्पा म्हणजे मैंदर्गीचे धान्याचे व्यापारी, श्रुतीचे होणारे सासरे. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय आखूड राहिलेला. मोची त्यांच्या डाव्या चपलेला टायरचे थर ठोकून उंच करून द्यायचा. ती चप्पल अक्कलकोट तालुक्यात कुणीही ओळखली असती.

मी ओळखत होते म्हणजे काय, अप्पांना त्या दारापर्यंत पूर्वी मीच आणून सोडलं होतं. पण हे मी कसं सांगणार? हो म्हटलं तर एका माणसाचं गुपित फुटतं, नाही म्हटलं तर दुसऱ्या माणसाशी खोटं बोलणं होतं. मी म्हटलं, ‘‘चपलांचं जाऊ द्या, तुम्ही आत चला.’’

‘‘ब्याडरी अक्का, ब्याड! नको. त्यांनी मला हितं बगितलं तर सोयरीक मोडंल!’’ अण्णांनी काढलेली चप्पल पायात सरकवली आणि तरातरा टपरीवर जाऊन बसले. मी मागोमाग. रेवणमामांनी न विचारता त्यांना जास्त साखरेचा चहा दिला.

‘‘अण्णा,’’ मी म्हटलं, ‘‘त्या वर्गात कोण बसतात, तुम्हाला माहीत आहे ना?’’

‘‘माज्यावानी.’’

‘‘मग चप्पल ज्यांची कुणाची असेल, ते आत कशाला बसले असतील?’’

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘‘भाषणाला बोलिवलं असंल की! लई देवमाणूस हाय. आमच्याकडं शाळेत, देवळात, समद्या कार्यक्रमाला त्यांनाच बोलिवत्यात.’’

आपल्याकडे व्याही म्हणजे देवाच्या जरा खालची पायरी. त्याला कानाचं, पोटाचं, घशाचं काही दुखणं असू शकतं हे मुलीच्या बापाला सुचतच नाही. अण्णांनी अर्धा चहा प्यायला. मग त्यांचा कप हातातच राहिला.

‘‘म्हंजे... ते बी?’’

‘‘मी काही बोलले नाही,’’ मी म्हटलं.

त्यांचा चेहरा तांबडा झाला. ‘‘माजी पोरगी दारुड्याच्या घरात द्यायची व्हय मी?’’

हे वाक्य कोण बोलतंय आणि कुठून उठून आल्यावर बोलतंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी काही म्हणायच्या आत ते उठून स्टँडकडे चालते झाले.

खरं सांगते, त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. अण्णांनी गावात तोंड उघडलं असतं तर अप्पांची अब्रू जाणार, श्रुतीचं लग्न मोडणार, आणि लग्न मोडलं की अण्णा पुन्हा बाटलीकडे जाणार हे ठरलेलं. वर त्या वर्गातल्या प्रत्येकाला वाटणार की इथे आलेलं बाहेर फुटतं. एका चपलेपायी सगळंच जाणार होतं. आणि अण्णांना त्या चपलांपुढे नेऊन उभं केलं होतं मीच.

मग अण्णांच्या बायकोचा, महानंदाबाईंचा, फोन आला. ‘‘अक्का, ह्यांनी सोयरीक मोडायची म्हून हट्ट धरलाय. कारण इचारलं तर सांगंनात. पीत न्हाईत, पर जेवत बी न्हाईत. पोरगी रडून रडून अर्धी झाली. तुमी या की.’’

त्यातले दोन शब्द मी पकडले, ‘सांगंनात’ आणि ‘पीत न्हाईत’. म्हणजे अजून काहीच गेलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी वळसंगला गेले.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा तुरडाळीच्या पोत्यामागे बसले होते. महानंदाबाई पाणी देऊन आत गेल्या. मी सरळच विचारलं, ‘‘कारण का सांगितलं नाही हो घरात?’’

अण्णा चिडून म्हणाले, ‘‘कसं सांगू? त्यांचं नाव घेतलं की पावनं इचारणार, तुला काय ठावं? तू तितं कशाला गेलतास? त्यांना भाईर काढायचं तर मला बी भाईर पडावं लागतंय की!’’

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या वर्गाचा पहिला नियम या माणसाने वर्गात पाऊल न टाकताच पाळला होता. कारण थोर नव्हतं, अडचणीचं होतं, पण पाळला होता.

‘‘बरं,’’ मी म्हटलं, ‘‘आता मी अप्पांचं नाव घेत नाही. तुमचंच विचारते. श्रुतीचा बाप दारू सोडतोय, मीटिंगला जातोय, हे उद्या तिच्या सासरी कळलं. तर त्यांनी सोयरीक मोडावी?’’

‘‘का म्हून मोडावी?’’ अण्णा उसळले.

‘‘दारुड्याची पोरगी नको म्हणतील.’’

‘‘सोडतोय न्हवं का तो? सोडणाऱ्याला...’’ अण्णा तिथेच थांबले. समोरच्या तराजूकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘अक्का, ते कवाधरनं जात असतील?’’

‘‘मला काही माहीत नाही.’’

‘‘तुमी लई पक्क्या हाय.’’

‘‘त्याचाच पगार घेते,’’ मी म्हटलं. ते पहिल्यांदा हसले.

पुढच्या मीटिंगला मी टपरीवर बसले होते. येतील की नाही, माझी खात्री नव्हती. ते आले. माझ्याकडे न बघता पायऱ्या चढले. ती जाड तळाची चप्पल ओळीत होतीच. अण्णांनी आपल्या चपला काढल्या, हातात धरून क्षणभर उभे राहिले, आणि मग त्या जाड तळाच्या जोडाशेजारी नीट जुळवून ठेवल्या. टोपी सारखी केली आणि आत गेले. मी बिनसाखरेचा चहा घेत बसले आणि तो गार होऊन गेला हे मला कळलं नाही.

आत काय झालं ते मला माहीत नाही. महिबूबभाई आत होते, पण ते तोंड उघडतील तर शपथ. मी बघितलं ते एवढंच. मीटिंग सुटली, माणसं बाहेर आली. चपला घालताना अप्पांना कशाचा तरी आधार लागायचा, नेहमी ते भिंत धरायचे. त्या दिवशी त्यांनी अण्णांचा खांदा धरला. अण्णा अंग आखडून उभे होते, पण खांदा त्यांनी हलू दिला नाही. दोघं एकाच अक्कलकोट गाडीने गेले. पुढेही एकाच गाडीने येत-जात राहिले. कुणी विचारलं तर सांगायचे, लग्नाची खरेदी आहे. महानंदाबाई मला फोनवर म्हणाल्या, ‘‘दर आठवड्याला जात्यात दोघं, पर पिशवीत काय म्हंजे काय नसतंय!’’

जाता जाता एक सांगते. नंतर मी त्या मंडळींना म्हटलं, चपला आतच काढत जा. त्यावर त्यांच्यात म्हणे बरीच चर्चा झाली आणि कोपऱ्यात पोतं अंथरायचं ठरलं. अप्पा एकटेच विरोधात होते, असं ऐकते. चपला दाराशी होत्या म्हणूनच त्यांना तो खांदा मिळाला होता ना!

लग्न अक्कलकोट रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. मला पोहोचायला उशीर झाला. मंगलाष्टकं चालू झाली होती. दाराशी चपलांचा हा ढीग, पण त्यातही मला तो जाड तळाचा जोड दिसला आणि त्याच्या शेजारी अण्णांचा. शाळेच्या त्या दाराशी मी कधी चप्पल काढली नव्हती. इथे काढली. त्या दोन जोडांच्या शेजारी लावली आणि कुणीतरी हातावर ठेवलेल्या अक्षता घेऊन आत गेले. माझ्या वडिलांची आठवण आली.

श्रुतीचा मामा माझ्या शेजारीच उभा होता. अंगावर कडक इस्त्रीचे नवे कपडे, डोक्याला फेटा. मला म्हणाला, ‘‘अक्का, मी तयारीत हुतो. पर वर जायची पाळी आली न्हाई. दाजी हाईत.’’ आणि फेट्याच्या टोकाने त्याने डोळे पुसले. स्टेजवर श्रुतीच्या बाजूला मल्लिनाथअण्णा उभे होते. त्यांना कुणी धरलं नव्हतं. अक्षता पडल्या तशी पोरगी नवऱ्याकडे बघायच्या आधी बापाकडे बघून हसली.

जेवणं झाल्यावर महानंदाबाईंनी मला दोन्ही व्याह्यांच्या पंगतीला चहाला बसवलं. वर्ष सरल्यावर अप्पांनी स्वतःच सुनेला आणि विहीणबाईंना सगळं सांगितलं, पण लग्नाच्या दिवशी महानंदाबाईंना अप्पांचं काही ठाऊक नव्हतं. अप्पा आणि अण्णा लग्नघरातल्या रीतीप्रमाणे ताठ बसले होते, जणू साखरपुड्यानंतर आजच भेटत होते. अप्पांनी तर मला ओळखही दाखवली नाही. चहावाला आला.

‘‘जरा साखर जास्त,’’ अप्पा म्हणाले.

‘‘मला बी,’’ अण्णा म्हणाले.

महानंदाबाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. ‘‘बगितलं का अक्का? सोयरीक अशी जुळावी लागती. चहाची आवड बी एकच! तुमचा बिनसाखरेचा सांगू न्हवं?’’

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘आज मलाही यांच्यासारखाच द्या.’’